तुमच्या त्या ग्रहावर स्वयंपाक कोण करतं?

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. स्वयंपाकघरात माझ्या चकल्या चालल्या होत्या आणि बाहेरच्या खोलीत आमचे आठवीतले चिरंजीव चार मित्रांसह सतरंजीवर पसरले होते. मध्ये ड्रॉइंगच्या कागदावर काढलेला मोठा नकाशा, वह्या, पेन्सिली आणि फासे. मधूनच आरडाओरडा, "सुटला! सुटला!" मला वाटलं, सापशिडी असेल. चकल्यांचं ताट घेऊन गेले, तर प्रकार निराळाच.

या खेळात एकजण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. कुणी डॉक्टर, कुणी चोर, कुणी यानाचा चालक. संकट आलं की फासे टाकायचे आणि पडेल त्या दानावर निभावायचं. असे खेळ अमेरिकेत १९७४ च्या सुमारास निघाले म्हणे. यांच्या गोष्टीत एक अख्खा ग्रहच तुरुंग होता. भिंत नाही, पहारेकरी नाही. यान येतं, कैद्यांना उतरवतं आणि निघून जातं. पळणार कुठे? वर नुसतं आभाळ!

मी सहज विचारलं, "तुमच्या त्या ग्रहावर स्वयंपाक कोण करतं रे?"

सगळे खो खो हसले. "आई, हा खेळ आहे गं!"

हसले खरी मीही. पण चकल्या तळताना मनात तेच घोळत राहिलं. मैत्रिणींनो, असा ग्रह शोधायला आभाळात जायला नको. आपल्या आजी-पणजीच्या तोंडी त्याचं नावच होतं, काळं पाणी.

१८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये इंग्रज सरकारने कैद्यांची पहिली तुकडी अंदमानात उतरवली. कलकत्ता काय नि मद्रास काय, दोन्हीकडून बाराशे किलोमीटरच्या आसपास समुद्र. मग भिंतीची गरजच काय? रान तोडायचं कैद्यांनी, झोपड्या बांधायच्या कैद्यांनी. पळून जंगलात शिरलेल्यांपैकी कित्येक मेले, कित्येक धरून आणून फासावर गेले.

आणि माझ्या प्रश्नाचं उत्तरही तिथे आहे. संसारात पडलेला माणूस शांत राहतो, हा सरकारचा हिशोब. म्हणून इकडच्या तुरुंगांतून स्त्री-कैदीही तिकडे पाठवल्या जात. ठराविक वर्षं शिक्षा भोगलेल्या, चांगल्या वागणुकीच्या कैद्याला परवानगी काढून स्त्री-कैद्याशी लग्न करता येई आणि जमीन कसून पोट भरता येई. नवरा एका प्रांताचा, बायको दुसऱ्या. बोलायला मोडकीतोडकी हिंदुस्थानी. त्यांच्या मुलांना 'लोकल बॉर्न', म्हणजे इथेच जन्मलेले, म्हणू लागले. शिक्षेच्या त्या बेटावरही कुणीतरी चूल मांडली, पोरांना न्हाऊमाखू घातलं.

पुढे उघड्या बेटानेही सरकारचं समाधान झालं नाही. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेल उभं राहिलं. मधल्या मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली इमारती आणि सुमारे सातशे कोठड्या. प्रत्येक कोठडी साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद, आपल्याकडच्या लहानशा स्वयंपाकघराएवढी. एका इमारतीच्या कोठड्यांचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैद्याचा चेहराही दिसू नये. दिवसभर काथ्या कुटायचा नाहीतर कोलूला जुंपून तेल काढायचं. आणि घरी पत्र वर्षातून एक.

त्या एका पत्राची वाट बघणाऱ्या बाईचं काय होत असेल?

नाशिकच्या सावरकरांचं घर घ्या. राजकारणाच्या वादात मी पडत नाही, मी बोलतेय ती घरातल्या बायकांबद्दल. थोरले बाबाराव १९०९ मध्ये जन्मठेपेची शिक्षा होऊन अंदमानात गेले. धाकटे विनायकराव दोन जन्मठेपा, म्हणजे ५० वर्षं, घेऊन ४ जुलै १९११ ला तिथे पोचले. घरादारावर जप्ती आली. मागे राहिल्या बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी. नाशिकमध्ये बायकांची संघटना उभी करणारी ही बाई. नवऱ्याच्या भेटीची वाट बघता बघता १९१९ मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी घरच्या माणसांना अंदमानात भेटीची परवानगी मिळाली. विनायकरावांच्या पत्नी माई जाऊन भेटून आल्या. येसूवहिनींना मात्र ती भेट काही लाभली नाही. दोघे भाऊ १९२१ मध्ये इकडच्या तुरुंगांत परत आणले गेले.

शिक्षा कागदावर एकाच्या नावे होते, भोगतात मात्र दोघं. पोरं असली तर पोरंही.

हे लिहिताना मला माझीच गोष्ट सांगायला हवी. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. चौथीत एक चुणचुणीत मुलगी आहे. तिचे वडील नागपूरला तुरुंगात आहेत. आई धुणीभांडी करून घर चालवते आणि मुलाखतीचा दिवस आला की पोरीला घेऊन गाडीने जाते. एकदा दुसऱ्या एका मुलीच्या आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, तेवढी आमच्या मुलीची जागा बदला." आणि मी बदलली. उगाच तक्रार नको म्हणून. पोरगी शेवटच्या बाकावर एकटी बसू लागली. डबाही एकटीच खायची.

तिच्या वडिलांनी काय केलं, त्याचा निवाडा न्यायाधीशांनी केलाच आहे. पण त्या पोरीला वर्गाबाहेर काढण्याचा निवाडा कुणी केला? मीच की!

आपल्या वर्धा जिल्ह्याला तर तुरुंगाचं नाव नवं नाही. पवनारच्या विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली आणि आज 'गीता प्रवचने' घरोघरी आहे. ऐकायला बसलेले होते कैदीच. तसंच स्वतंत्रपूरचं. १९३९ मध्ये औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी, पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रीडमन यांच्या सूचनेवरून, आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत काढली. तिथे भिंत नाही. कैद्यांनी शेती करायची आणि बायकामुलांसह राहायचं. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' याच प्रयोगावरून निघाला. आजकाल महाराष्ट्रातल्या काही कारागृहांत 'गळाभेट' असा कार्यक्रम होतो. एरवी जाळीआडून नाहीतर काचेपलीकडून दिसणाऱ्या आई-बापाला मुलं त्या दिवशी कडकडून मिठी मारतात.

भिंत नसलेला तुरुंग दोन प्रकारचा असतो, बरं का. अंदमानात समुद्र होता म्हणून भिंत लागली नाही. स्वतंत्रपुरात विश्वास होता म्हणून लागली नाही.

रात्री जेवताना हे सगळं मुलाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, आमच्या खेळात पत्र ठेवतो. वर्षातून एक." थोड्या वेळाने पुन्हा, "पण ते कुणाला लिहायचं? आमच्यातल्या कुणालाच घर नाहीये."

"मग आधी घरं काढा," मी म्हटलं.

सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा मी त्या पोरीला पुन्हा दुसऱ्या बाकावर आणलं. तक्रार आलीच. या वेळी मी हसून सांगितलं, "माझ्या वर्गात बसायची जागा मी ठरवते." सगळं एकदम बदललं असं नाही. पण परवा तिच्या डब्यातल्या चटणीत दोन बोटं बुडताना पाहिली, आणि त्यातली एकही तिची नव्हती.

आपल्यालाही फार मोठं काही करायचं नाही, मैत्रिणींनो. अशी बाई भेटली तर "किती वर्षांची झाली?" असं विचारू नये. पोरांच्या अभ्यासाची चौकशी करावी. मुलाखतीला जायचं असलं तर धाकट्याला दोन तास आपल्याकडे ठेवून घ्यावं. आपल्या मुलांना समजावून सांगावं, कारण ती बोलतात ते आपल्याच ओट्यापाशी ऐकलेलं असतं.

संक्रांत जवळ आलीय. हळदीकुंकवाची यादी करायला बसाल तेव्हा गल्लीत असं एखादं दार आहे का, एवढं जरा आठवून बघा. मी या वर्षी त्या पोरीच्या आईला बोलावणार आहे. तिळगूळ तर आहेच, वाणही ठरलंय. पत्र लिहायला पोस्टाची चार पाकिटं नि एक पेन.