सहा पिना एका रांगेत

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणारं पाणी बघायला पावसाळ्यातल्या रविवारी अर्धं पुणे आणि अर्धी मुंबई तिथे लोटते. पाऊस किती झाला ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायचं: सकाळी साडेआठ ते साडेआठ, चोवीस तासांचा एकच आकडा. ३० जून २०२४ च्या रविवारी दुपारी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. बघता बघता लोंढा वाढला होता. अशा मिनिटांचा हिशेब दिवसभराच्या आकड्यात हरवून जातो. तो हवा असेल तर मिनिटामिनिटाला मोजणारं यंत्र वरच्या डोंगरात बसवायला हवं. तेही एक नव्हे, चार-सहा. म्हणजे स्वस्त हवं.

मोजण्याची युक्ती जुनीच आहे. नरसाळ्याखाली तराजूसारखी झुलणारी दोन कप्प्यांची पन्हाळी असते. एका कप्प्यात ०.२ मिलिमीटर पावसाचं पाणी साचलं की ती कलंडते, रिकामी होते आणि दुसरा कप्पा भरायला लागतो. कलंडताना तिच्यावरचं चुंबक रीड स्विचसमोरून जातं आणि स्विच क्षणभर मिटतो. हवामान खात्याच्या स्वयंचलित पर्जन्यमापकांतही हेच तत्त्व आहे. दोनशे मिलिमीटर पावसाच्या दिवशी पन्हाळी हजार वेळा कलंडणार. तेवढं मोजायला एटीटायनी ८५ ही आठ पायांची चिप उरून पुरते: ८ किलोबाइट फ्लॅश, ५१२ बाइट रॅम.

अडतं ते चिपमध्ये प्रोग्रॅम भरण्यापाशी. आर्डुइनोच्या बोर्डावर यूएसबीची सोय असते, केबलमधून आलेला प्रोग्रॅम उतरवून घेणारा बूटलोडर असतो. केबल लावली, बटण दाबलं, झालं. सुट्या चिपला यातलं काहीच नसतं. तिच्याशी सहा तारांवरून बोलावं लागतं: वीज, ग्राउंड, रिसेट, आणि मिसो, मोसी, एससीके या निरोपाच्या तीन. यूएसबी-एएसपीसारखा प्रोग्रॅमर हे बोलणं करतो. त्याच्या केबलच्या टोकाला दोन रांगांत तीन-तीन छिद्रांचं कनेक्टर असतं. काहींना दहाचं, पण कामाच्या तारा सहाच.

आता हे कनेक्टर ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता चिप जोडायच्या छिद्रांच्या फळीवर, बसवून बघा. ब्रेडबोर्डची छिद्रं २.५४ मिलिमीटर अंतरावर, आणि आडवी पाच-पाच छिद्रं आतून एकाच धातूच्या पट्टीने जोडलेली. कनेक्टरच्या छिद्रांमधलं अंतरही नेमकं २.५४ मिलिमीटर, त्यामुळे त्यात जाणारी दोन रांगांची बर्ग स्ट्रिप, म्हणजे पिनांची पट्टी, ब्रेडबोर्डमध्येही छान बसते. गोची इथेच आहे. एका दिशेने बसवली तर मिसो विजेला चिकटते, एससीके मोसीला, आणि रिसेट ग्राउंडला. चिप कायमची रिसेटमध्ये अडकून पडते. फिरवून बसवली तर वीज आणि ग्राउंड एकाच पट्टीत येतात, म्हणजे सरळ शॉर्ट. मधल्या खाचेवर बसवावी म्हटलं तर खाचेपलीकडची छिद्रं ७.६२ मिलिमीटर दूर. ती जागा चिपच्या रुंदीसाठी ठेवलेली आहे.

म्हणून अडॅप्टर. नाव भारदस्त असलं तरी प्रत्यक्षात तो बोटाच्या पेराएवढा पीसीबीचा तुकडा असतो. वर दोन रांगांत सहा पिना, खाली त्याच सहा एका रांगेत, प्रत्येकीला स्वतःची पट्टी. पुण्यात तपकीर गल्लीत झिरो पीसीबी आणि बर्ग स्ट्रिप घेऊन तो घरी सोल्डर करता येतो. अडॅप्टर न वापरता सहा जंपर वायरींनीही काम होतं, नाही असं नाही. पण दर वेळी सहा तारा काढायच्या-घालायच्या म्हणजे चुकायच्या तेवढ्या जागा, आणि नवशिका तारेतली चूक प्रोग्रॅममध्ये शोधत बसतो. माझ्या मते या तुकड्याचा खरा फायदा वेळ वाचण्यात नाही. संशयितांच्या यादीतून एक नाव कमी होतं, तो खरा फायदा.

जोडणी बरोबर आहे की नाही हे चिप स्वतःच सांगते. प्रोग्रॅमर रिसेट खाली ओढून धरतो आणि चार बाइट पाठवतो: एसी, ५३, ००, ००. तिसरा बाइट जाताना चिपने ५३ हाच आकडा परत पाठवला की ओळख पटली. मग ती आपली सही देते: १ई, ९३, ०बी. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा मेमरीचा, तिसरा मॉडेलचा. सहीऐवजी नुसती शून्यं आली तर आधी तारा बघाव्यात. तारा ठीक असतील तर वेग बघावा. नवीकोरी एटीटायनी ८५ एक मेगाहर्ट्झवर चालते आणि तिच्याशी बोलायचा वेग त्याच्या चौथाईपेक्षा, म्हणजे २५० किलोहर्ट्झपेक्षा, कमी लागतो. यूएसबी-एएसपीचा नेहमीचा वेग ३७५. चिप ‘मेली’ म्हणून कचऱ्यात टाकण्याआधी एवढं तपासावं.

ही मुळाशी जाण्याची सवय पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यातल्या पाबळला मुद्दाम लावली जाते. डॉ. श्रीनाथ कलबागांनी तिथे १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, काम करत शिकायचं या धोरणावर. अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या फॅब लॅबच्या, म्हणजे स्वतः वस्तू बनवून शिकायच्या कार्यशाळेच्या, कल्पनेला २००२ मध्ये अमेरिकेबाहेर पहिल्यांदा ज्या मोजक्या जागा मिळाल्या त्यांत पाबळ होतं. फॅब लॅबच्या जगभरच्या अभ्यासक्रमात बरीच वर्षं विद्यार्थ्याला चिपचा प्रोग्रॅमर आधी स्वतः बनवावा लागे: तांब्याचा पत्रा कोरायचा, सुटे भाग डकवायचे, आणि तो चालला की त्याच्यानेच पुढचा बोर्ड प्रोग्रॅम करायचा. आधी हत्यार, मग वस्तू. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी तयार किट हातात देऊन एलईडी लुकलुकवला की प्रात्यक्षिक संपतं, आणि प्रोग्रॅम नेमका कुठे जाऊन बसला हे मुलाला कळतच नाही.

पर्जन्यमापकाचं म्हणाल तर दोन पथ्यं पाळायची. चिपच्या वीज आणि ग्राउंडच्या पायांना लगटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा. रीड स्विच जोडायचा तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायाला, कारण निरोपाच्या तारा पाच, सहा, सात या पायांवर आहेत; पन्हाळी नेमकी स्विच मिटलेला ठेवून थांबली तर प्रोग्रॅम भरताना खोळंबा नको. रिसेटच्या पायाकडे तर मोहानेही बघू नये. एक पाय जास्त मिळावा म्हणून त्याचा फ्यूज, म्हणजे चिपमधली सेटिंग, बदलला की हा सहा तारांचा रस्ताच बंद, मग चिप परत ताळ्यावर आणायला १२ व्होल्टचा प्रोग्रॅमर शोधत फिरा.

ब्रेडबोर्ड मात्र घरीच राहू द्यावा. भुशीच्या धुक्यात त्याचे स्प्रिंगसारखे संपर्क फार टिकायचे नाहीत. तिथे सोल्डर केलेला बोर्ड आणि बंद डबीच हवी. वीज गेली तरी मोजणी राहावी म्हणून एकूण बेरीज चिपच्या ईईप्रॉममध्ये लिहायची. तिथला एक कप्पा लाखभर वेळा लिहिता येतो, असं बनवणारी कंपनी सांगते. चार हजार मिलिमीटर म्हणजे वर्षाला वीस हजार टिपण्या, म्हणजे एक कप्पा पाच पावसाळे पुरेल. पण असे कप्पे ५१२ आहेत, त्यामुळे दर जूनमध्ये मोजणी पुढच्या कप्प्यांत हलवणारी दोन ओळींची भर प्रोग्रॅममध्ये आधीच घालून ठेवलेली बरी.