घरातल्या घरात फाइल रांगत का जाते?

लग्नाच्या व्हिडिओंचं २० जीबीचं फोल्डर एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पाठवायला घेतलं आणि अर्धा तास लागणार असं दिसलं, की पहिला राग इंटरनेटवर निघतो. नवा राउटर आणण्याआधी या समजुती तपासून पाहा.

गैरसमज: इंटरनेटचा मोठा प्लॅन घेतला की काम भागेल.
वस्तुस्थिती: ही फाइल घराबाहेर पडतच नाही, राउटरपासूनच वळते. इंटरनेट बंद असलं तरी ती तेवढ्याच वेगानं पोचेल.

गैरसमज: वेग १०० चा, पण दिसतात ११, म्हणजे बिघाड आहे.
वस्तुस्थिती: नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा १ बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट, प्रत्यक्षात ११ च्या आसपास मिळतात. गिगाबिट जोडणीवर ११० च्या आसपास मिळतात आणि तेच २० जीबी तीन-साडेतीन मिनिटांत जातात.

गैरसमज: पोर्टचा दिवा लागतोय, म्हणजे केबल चांगली आहे.
वस्तुस्थिती: १०० मेगाबिटला केबलमधल्या चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एखादी तुटली किंवा कनेक्टर नीट बसला नाही, तर जोडणी गुपचूप १०० वर उतरते आणि दिवा लागलेलाच राहतो. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहा. १००० ऐवजी १०० दिसले, तर कॅट-५ई केबल लावून बघा. तरीही १०० च राहिले, तर राउटरचं किंवा कॉम्प्युटरचं पोर्टच १०० चं आहे का ते तपासा.

गैरसमज: वाय-फायच्या सगळ्या रेघा भरल्यात, म्हणजे वेग पूर्ण आहे.
वस्तुस्थिती: रेघा फक्त सिग्नलचा जोर सांगतात. दोन्ही कॉम्प्युटर एकाच वाय-फायवर असले, तर तीच फाइल हवेतून दोनदा जाते, आधी राउटरकडे आणि मग तिथून पुढे. त्यात वेग साधारण निम्म्यावर येतो. एक कॉम्प्युटर केबलनं जोडला तरी फरक दिसतो.

गैरसमज: दोष नेटवर्कचाच असणार.
वस्तुस्थिती: जुनी हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्हही वेग अडवते. हजारो छोटे फोटो एका मोठ्या फाइलपेक्षा हळू जातात, कारण प्रत्येक फाइल स्वतंत्र उघडावी आणि बंद करावी लागते. त्यांची झिप करून पाठवा. आयपर्फ हे मोफत साधन डिस्क बाजूला ठेवून नुसतं नेटवर्क मोजतं. तिथे आकडा चांगला आला, तर दोष डिस्कमध्ये शोधा.

वाटेतला सगळ्यात मंद टप्पा जेवढा वेग देतो, तेवढाच फाइलला मिळतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला, तीच मोठी फाइल पुन्हा पाठवा, आकडा लिहून ठेवा. तो टप्पा सापडला की मगच खिशात हात घाला.