सीटखालचं इंजिन

‘जुनी व्हॅन घ्यावी का, यावर लिही,’ असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात बहुधा किमतींचा तक्ता असावा. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेले आणि तक्ता बाजूला राहिला. एका मिस्त्रींनी मारुती ओम्नीची पुढची सीट मागे कलंडवली, खालचं झाकण काढलं आणि म्हणाले, “हे बघा. एवढंच हाय.”

खरोखरच एवढंच होतं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. मारुती ८०० मध्ये होतं त्याच घराण्यातलं इंजिन. ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली, तिच्या पाठोपाठ १९८४ मध्ये सुझुकी कॅरीवर बेतलेली ही व्हॅन. १९८८ पासून तिला ओम्नी म्हणू लागले. २०१९ मध्ये सुरक्षेचे नवे नियम आले आणि या डब्यात ते बसवणं परवडणारं नसल्यानं कंपनीनं उत्पादन थांबवलं. पस्तीस वर्षांत तिनं शाळेची मुलं नेली, तालुक्याच्या दवाखान्यांसाठी रुग्णवाहिका झाली, मागचं दार वर उचलून इडलीही विकली. समोर बॉनेट नाही, म्हणजे धडक बसली तर आधी चालकाचे गुडघे. या गाडीचं कितीही कौतुक केलं तरी हे विसरता येत नाही.

इंजिन बसणाऱ्याच्या खाली असल्यामुळे उन्हाळ्यात सीट तापते, ही तक्रार सगळ्यांची. मिस्त्रींना काळजी वेगळ्या तापण्याची. “काटा वर चढला की गाडी तिथंच उभी करायची. ‘गाव आलंच की, जाऊ तेवढं,’ म्हटलं की हेड वाकलं म्हणून समजा.” हेड म्हणजे सिलिंडरवर बसणारं झाकण, ते ॲल्युमिनियमचं असतं. जास्त तापलं की ते किंचित वाकतं, गॅस्केटची पकड सुटते आणि पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये जातं. ओळखायचं कसं? खाली थेंबही गळत नाही, पण रोज पाणी कमी होतं; ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ चिकटा दिसतो; रेडिएटरचं झाकण उघडून गाडी चालू ठेवली की बुडबुडे येतात. सेकंडहँड व्हॅन बघायला जाणाऱ्यानं एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या तरी पुष्कळ पैसे वाचतील. झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडावं.

बऱ्याच व्हॅनमध्ये आधीच्या कुणीतरी थर्मोस्टॅट काढून फेकलेला असतो. गाडी तापायची थांबते असा समज आहे. प्रत्यक्षात इंजिन धड गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि तापण्याचं मूळ कारण, म्हणजे नळाचं पाणी ओतून गाळानं भरलेला रेडिएटर, तसंच राहतं.

मी गेले त्या दिवशी एक हेड उघडलेलंच होतं. काखेत मारून नेता येईल इतकं ते लहान. मिस्त्रींनी त्यावर सरळ पट्टी उभी धरली, खालून फीलर गेजचं पातं सरकवलं. मधोमध ते सहज आत गेलं. पोरानं हेड सायकलला बांधलं आणि दोन गल्ल्या पलीकडे फेसिंगला, म्हणजे तळ सपाट करून आणायला नेलं. तोवर बोल्ट घासूनपुसून खोक्याच्या पुठ्ठ्यात, निघाले त्याच क्रमानं खोचून ठेवलेले. घट्ट करताना सुरुवात मधल्या बोल्टपासून, मग आलटूनपालटून कडेला. तेही एका दमात नाही, दोन-तीन फेऱ्यांत. गॅस्केट, फेसिंग, ऑइल आणि मजुरी धरून मिस्त्री सहा-सात हजार सांगतात. रिंगा आणि बोरपर्यंत काम गेलं तर पंचवीस हजारांच्या आसपास. एखाद्या बड्या सर्व्हिस सेंटरात माणूस एवढ्या पैशांत नुसती चौकशी करून परत येतो.

मग त्यांनी टॅपेट सेट केले, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट नेमकी केली, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तेव्हा कळली. व्हॅनला गॅस किट बसवलेलं असेल तर व्हॉल्व्ह हळूहळू आपल्या बैठकीत रुतत जातात. त्यामुळे टॅपेटमधली फट कमी होते आणि कटकट आवाज बंद होतो. “गिऱ्हाईक खूश, इंजिन कसं गप्प झालंय म्हणून. आन् हिकडं व्हॉल्व्ह जळायला लागलेला असतोय.” फट उरली नाही की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि त्याची उष्णता बैठकीत उतरत नाही. थोडी कटकट करणारी जुनी व्हॅन मिस्त्रींना म्हणूनच बरी वाटते. गॅसवर चालणाऱ्यांची आणखी एक खोड असते: टाकीत नावाला पेट्रोल ठेवायचं. इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये पंप टाकीत पेट्रोलातच बुडून थंड राहतो. कोरडा पडला की जळतो.

बाकीची दुखणी किरकोळ. जुन्या मॉडेलचा कार्बोरेटर कचऱ्यानं तुंबतो, पाचशे-सातशेत साफ होतो. क्लच प्लेटचा सेट मजुरीसकट चार-पाच हजार. गाडी सोडताना खालून ‘टक्’ आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेलेला. मागचे पाटे बसले असतील तर गाडीनं काय काय वाहिलंय ते विचारावं. सरकत्या दाराचे रोलर झिजले की दार लोंबतं आणि शेवटची दोन बोटं ढकलून लावावं लागतं. रोलर स्वस्त आहेत.

पण दार ज्या पट्टीवरून सरकतं ती खालची पट्टी स्वस्त नाही. तिच्यात चिखल साचतो, पावसाळाभर ओला राहतो आणि पत्रा आतून कुजतो. रबरी मॅटखालची जमीन, चाकांवरच्या कमानी, दाराखालचा उंबरा, सगळीकडे हेच. विकणारा त्यावर पुट्टी भरतो, काळं अंडरकोट मारतो, गाडी चकचकीत. मिस्त्री मॅट उचलून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जातात. ठण्ण आवाज आला तर पुढे. भद्द आला की किमतीचं बोलणंच थांबवतात.

त्या दुपारी गडहिंग्लजकडचे एक निवृत्त गुरुजी आपली व्हॅन घेऊन आले. वीस वर्षं ओलांडलेली, शेतावर जायला ठेवलेली. इंजिन ठणठणीत, जमीन चाळण. पत्रेवाल्यानं अठरा हजार सांगितले. नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्क १५ वर्षांवरच्या मोटारींना एप्रिल २०२२ पासून ५ हजार झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्यांसाठी ते १० हजारांवर गेलं. पर्यावरण कर वेगळा. सीएनजीच्या सिलिंडरची दर ३ वर्षांनी होणारी चाचणीही राहिलेली. हे सगळं केलं तरी गाडीला बाजारात पन्नास हजार येतील की नाही शंकाच.

“गुरुजी, इंजिन मला द्या,” मिस्त्री म्हणाले. “पंधरा देतो. बाकीचं भंगारात घाला.”

गुरुजींनी इंजिन दिलं नाही. पत्रेवाल्याशी घासाघीस करून त्याला पंधरावर आणलं, मागच्या चाकांच्या कमानी पुढच्या वर्षावर ढकलल्या आणि मृगाच्या आत गाडी हातात पाहिजे, असं बजावून ते एसटी स्टँडकडे निघाले.