हिरवळीवरचा अखेरचा विश्वचषक

पुरुषांच्या हॉकी विश्वचषक स्पर्धेचा इतिहास 1971 पासून सुरू होतो आणि त्या इतिहासात महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले पान एकच आहे, ते म्हणजे 29 डिसेंबर 1981 ते 12 जानेवारी 1982 या काळात मुंबईत भरलेली पाचवी स्पर्धा. बारा संघांच्या या स्पर्धेत पाकिस्तानने अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीला 3-1 असे हरवले, ऑस्ट्रेलिया तिसरा आला आणि यजमान भारताला पाचव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले, एवढाच तपशील सहसा नोंदींत सापडतो. मात्र या स्पर्धेचे खरे महत्त्व निकालापेक्षा ती ज्या मैदानावर खेळली गेली त्यात आहे. नैसर्गिक हिरवळीवर झालेला तो अखेरचा विश्वचषक होता, आणि त्यानंतर चारच वर्षांत या खेळावरचे भारतीय उपखंडाचे वर्चस्व जवळजवळ मोडीत निघाले.

मुळात विश्वचषकाची कल्पना उपखंडातूनच पुढे आली, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नाही. ऑलिंपिकमधील हॉकी दर चार वर्षांनी होत असली तरी या खेळाची स्वतःची अशी जागतिक स्पर्धा नव्हती. ती असावी हा आग्रह पाकिस्तान हॉकी महासंघाचे अध्यक्ष एअर मार्शल नूर खान यांनी 1969 च्या सुमारास आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघापुढे धरला, आणि महासंघाने 1970 च्या एप्रिल महिन्यात तो मान्य केला. चषकाची रचनाही पाकिस्तानच्याच बशीर मूजिद यांनी केली. सोन्याचांदीचा पृथ्वीगोल आणि त्याच्या माथ्यावर हॉकीची काठी व चेंडू असे त्याचे रूप आहे. पहिली स्पर्धा ऑक्टोबर 1971 मध्ये पाकिस्तानातच व्हायची होती, परंतु पूर्व पाकिस्तानातील उद्रेकामुळे भारत-पाकिस्तान संबंध युद्धाच्या उंबरठ्यावर आले होते आणि भारतीय संघाच्या येण्याला तेथे उघड विरोध होऊ लागला होता. अखेर स्पर्धा स्पेनमधील बार्सिलोना येथे हलवण्यात आली. तेथे उपान्त्य सामन्यात पाकिस्तानने भारताला 2-1 असे नमवले, पुढे यजमान स्पेनला 1-0 असे हरवून चषक जिंकला, आणि भारताने केनियावर मात करून तिसरे स्थान मिळवले. ज्या देशाने स्पर्धा सुचवली, चषक घडवला आणि राजकारणापायी यजमानपद गमावले, त्याच देशाने तो चषक पहिल्यांदा उचलला, हा योग हॉकीच्या इतिहासात विलक्षणच म्हणावा लागेल.

पुढची स्पर्धा भारतीय हॉकीच्या मनाला चटका लावणारी ठरली. 1973 मध्ये नेदरलँड्समधील अ‍ॅमस्टेलवेन येथे अंतिम सामन्यात सुरजितसिंगच्या दोन गोलांनी भारताला 2-0 अशी आघाडी मिळाली होती. यजमानांनी बरोबरी साधली, अतिरिक्त वेळेत मिळालेला पेनल्टी स्ट्रोक भारताकडून वाया गेला आणि अखेर स्ट्रोकच्या शर्यतीत चषक हातचा गेला. पेनल्टी स्ट्रोक म्हणजे गोलपासून 6.4 मीटर अंतरावर ठेवलेला चेंडू एकट्या गोलरक्षकाला चकवून आत धाडण्याची संधी होय. ती वाया जाणे म्हणजे हातातोंडाशी आलेला घास जाणे.

ही सल 1975 मध्ये क्वालालंपूरला भरून निघाली. 15 मार्चच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने पहिला गोल केला, सुरजितसिंगने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली आणि मग ध्यानचंद यांचे चिरंजीव अशोककुमार यांच्या फटक्याने तो वाद जन्माला घातला, ज्याची चर्चा पाकिस्तानात पुढे कित्येक वर्षे चालली. चेंडू गोलखांबाच्या आतल्या कोनावर आदळून परत मैदानात आला. नियमानुसार गोल मान्य होण्यासाठी चेंडू गोलरेषेच्या पूर्ण पलीकडे जावा लागतो, आणि तो तसा गेला होता का हे नुसत्या डोळ्यांनी निमिषार्धात ठरवायचे होते. मलेशियाचे पंच विजयनाथन यांनी गोल दिला. अजितपालसिंगच्या संघाने 2-1 असा विजय मिळवला. त्यानंतर 2023 पर्यंतच्या एकाही विश्वचषकात भारत उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचलेला नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका निर्णयाचे मोल कळते.

मुंबईला 1982 चे यजमानपद मिळाले त्यामागे या शहराची जुनी परंपरा उभी होती. आगाखान चषक स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथे खेळली जात होती. टाटा स्पोर्ट्स क्लब, पश्चिम रेल्वे, कस्टम्स, लुसिटेनियन्स अशा संघांनी पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू घडवले, आणि त्यांत गोव्यातून मुंबईत स्थायिक झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांचा वाटा फार मोठा होता. स्वतंत्र भारताने 1948 मध्ये लंडनला जिंकलेल्या पहिल्या ऑलिंपिक सुवर्णपदकाच्या संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ ही मुंबईची नावे आहेत. हॉकी म्हणजे पंजाबचा खेळ, ही समजूत या यादीपुढे टिकत नाही.

मुंबईतील स्पर्धेत भारताचा गट अवघड होता. ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्स हे पुढे उपान्त्य फेरी गाठणारे दोन्ही संघ त्याच गटात होते, आणि भारत दोघांकडूनही एकेका गोलाच्या फरकाने हरला. राजिंदरसिंगने स्पर्धेत सर्वाधिक 12 गोल केले, तरी घरच्या प्रेक्षकांपुढे भारत चषकापासून दूरच राहिला. अख्तर रसूलच्या नेतृत्वाखालील पाकिस्तानी संघाने मात्र गवतावरची उपखंडीय हॉकी तिच्या पूर्ण वैभवात दाखवली. मध्य आघाडीचा हसन सरदार, डावीउजवीकडून धावणारे समीउल्ला आणि कलीमुल्ला हे भाऊ, आणि छोटे छोटे पास देत, चेंडू काठीला जणू चिकटवून पुढे जाण्याची त्यांची शैली पाहणाऱ्यांच्या कायम स्मरणात राहिली. हसन सरदार स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. चर्चगेट स्थानकापासून चालत जाता येईल इतक्या जवळ मुंबईकरांनी हे सारे पाहिले, आणि प्रतिस्पर्धी देशाच्या खेळाला दादही दिली.

या स्पर्धेला मुंबईच्या इतिहासातील आणखी एक तारीख अगदी खेटून आहे. अंतिम सामन्यानंतर सहाच दिवसांनी, 18 जानेवारी 1982 रोजी, दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि त्यांत कोकणातून आलेल्यांची संख्या मोठी होती. राजापूर, लांजा, संगमेश्वर या तालुक्यांतील कित्येक घरे गिरणगावातून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालत असत. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. तरीही त्या वर्षाची मुंबई कोकणी माणसाच्या स्मरणात हॉकीमुळे न राहता संपामुळे का राहिली, हे यावरून समजते.

हिरवळ जाऊन तिच्या जागी काय आले, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. कृत्रिम मैदान, म्हणजे रूढ भाषेत टर्फ किंवा अ‍ॅस्ट्रोटर्फ, ऑलिंपिकमध्ये प्रथम 1976 मध्ये माँट्रियल येथे वापरले गेले आणि तेथे भारत सातव्या स्थानावर फेकला गेला. डांबरी थराच्या सपाट पायावर रबरासारखा लवचिक थर आणि त्यावर दाट विणलेल्या कृत्रिम तंतूंची चटई, अशी त्याची साधारण रचना असते. सामन्याआधी आणि मध्यंतरात त्यावर हजारो लिटर पाणी फवारले जाते. पाण्यामुळे घर्षण कमी होऊन चेंडू जमिनीलगत, सरळ आणि फार वेगाने सरपटतो. शिवाय खेळाडू पडला तर त्याची कातडीही कमी सोलली जाते. गवतावर चेंडू कुठे उसळेल, कुठे अडेल हे सांगता येत नाही, म्हणून तेथे तो मनगटाने सांभाळून नेणाऱ्याला किंमत असते. टर्फवर उसळीची ही अनिश्चितताच संपते, त्यामुळे दूरवरचा जोरदार पास, सतत धावण्याची ताकद आणि आखीव डावपेच यांना महत्त्व येते. उपखंडातील खेळाडूंनी पिढ्यान्‌पिढ्या कमावलेल्या कौशल्याचे मोल या एका बदलाने घटले.

बदल चांगला की वाईट, यावर दोन्ही बाजूंनी बरेच लिहिले गेले आहे. टर्फमुळे खेळ वेगवान झाला आणि पावसापाण्यात सामने रद्द होण्याचे प्रमाण घटले, हे मान्य करावे लागते. परंतु अन्याय झाला तो वेळेच्या बाबतीत. युरोपातील लहानलहान क्लबांनी टर्फ घातले तेव्हा भारतातील बहुतांश मुले गवतावर किंवा मातीवरच वाढत होती आणि टर्फवर पहिले पाऊल थेट राष्ट्रीय शिबिरात ठेवत होती. त्याचा परिणाम 1986 मध्ये लंडनमधील विल्सडेन येथे दिसला. टर्फवरच्या या पहिल्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला 2-1 असे हरवून विजेतेपद मिळवले. गतविजेता पाकिस्तान अकरावा आणि भारत बारावा, म्हणजे शेवटचा आला. क्वालालंपूरचे दोन अंतिम स्पर्धक अकरा वर्षांत तळाला गेले होते.

नियमही टर्फच्या दिशेनेच बदलत गेले. नव्वदच्या दशकात ऑफसाइडचा नियम रद्द झाला, त्यामुळे आघाडीपटूला प्रतिस्पर्ध्याच्या गोलाजवळ थांबण्याची मोकळीक मिळाली आणि लांब पास अधिक घातक झाले. खेळाडू हवे तितक्या वेळा बदलण्याची मुभा आली आणि दमसासाला आणखी महत्त्व आले. पेनल्टी कॉर्नर हे तर स्वतंत्र शास्त्रच बनले. बचाव करणाऱ्या संघाने गोलवर्तुळात, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत ‘डी’मध्ये, नियमभंग केल्यास ही संधी मिळते. मागच्या रेषेवरून चेंडू वर्तुळाबाहेर ढकलला जातो, तेथे तो अडवला जातो आणि गोलरक्षकासह जास्तीत जास्त पाच बचावपटूंसमोर फटका मारला जातो. पहिला फटका काठीने ठोकून मारायचा तर चेंडू गोलच्या 460 मिलिमीटर उंच फळीपेक्षा वर जाता कामा नये. काठीच्या वक्र टोकाने चेंडू ओढत नेऊन भिरकावण्याला, म्हणजे ड्रॅग फ्लिकला, ही मर्यादा लागू नाही, आणि म्हणून चांगला ड्रॅग फ्लिकर हे प्रत्येक संघाचे मुख्य अस्त्र होऊन बसले.

अशा प्रतिकूल काळात महाराष्ट्राने देशाला जो सर्वांत मोठा खेळाडू दिला तो धनराज पिल्ले. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, तमिळ भाषक घरात 1968 मध्ये जन्मलेला हा मुलगा मोडलेल्या काठ्या दोरीने बांधून खेळायला शिकला. 1990, 1994, 1998 आणि 2002 हे चार विश्वचषक आणि चार ऑलिंपिक खेळण्याचा त्याचा विक्रम आहे. 1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकले. विश्वचषकात मात्र त्याच्या वाट्याला 1994 मधील पाचव्या क्रमांकापलीकडे काही आले नाही. त्याच्या धावण्यातली आग टर्फलाही शोभणारी होती. कमी पडली ती त्याच्यामागची व्यवस्था. पुण्याच्याच एलिझा नेल्सनने 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाला सुवर्ण जिंकून दिले होते, याची आठवणही येथे ठेवायला हवी. महिलांचा विश्वचषक 1974 मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाला आणि पहिल्याच स्पर्धेत भारत चौथा आला होता.

2023 पर्यंतच्या विजेत्यांची यादी थोडक्यात सांगता येते. पाकिस्तानने 1978 आणि 1994 हे चषक धरून एकूण चार वेळा बाजी मारली; नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया आणि जर्मनी प्रत्येकी तीनदा विजेते ठरले; 2018 मध्ये भुवनेश्वर येथे बेल्जियमने पहिला चषक जिंकला. 1994 नंतर उपखंडातील एकाही संघाने विश्वचषक जिंकलेला नाही आणि पाकिस्तान तर 2014 व 2023 च्या स्पर्धांना पात्रही ठरू शकला नाही. भारताने टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदके मिळवून उभारी घेतली आहे, ती टर्फवर लहानपणापासून वाढलेल्या पिढीच्या बळावर.

कोकणातील राजापूरसारख्या तालुक्याच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. येथील जमीन जांभ्याची. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण कातळसड्यावर पाणी न थांबता नदीनाल्यांवाटे समुद्राला मिळते, आणि एप्रिल-मे महिन्यांत वाड्यावस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते. लाल मातीच्या अंगणात कबड्डी रुजली, सड्यावर टेनिस चेंडूचे क्रिकेट रुजले. सपाट, मऊ हिरवळ मागणारी हॉकी रुजली नाही, यात नवल नाही. ज्या गावात उन्हाळ्यात हंड्याने पाणी मोजले जाते तेथे दर सामन्याला हजारो लिटर पाणी मैदानावर फवारण्याची कल्पना कोणाला रुचणार नाही, आणि रुचूही नये. या अडचणीची जाणीव आता आंतरराष्ट्रीय महासंघालाही झाली असून पॅरिस ऑलिंपिकमध्ये कमी पाण्यावर चालणारे टर्फ वापरण्यात आले. पुढे कोरडे टर्फ सर्वत्र मान्य झाले, तर पाण्याअभावी या खेळाला मुकलेल्या प्रदेशांसाठी दार प्रथमच उघडेल.

ओडिशाने 2018 आणि 2023 असे लागोपाठ दोन विश्वचषक भरवले, सुंदरगडसारख्या आदिवासी जिल्ह्यात टर्फ घातले, आणि तेथील मुले भारतीय संघात आली. महाराष्ट्राने 1982 मध्ये यजमानपद भूषवले, पण जिल्ह्याजिल्ह्यांतून टर्फ पोहोचवण्याचे काम त्यानंतर कधी नेटाने झाले नाही. राज्याच्या क्रीडा खात्याने कोकणातील एखाद्या जिल्हा क्रीडा संकुलात कमी पाण्याचे एक टर्फ घालावे, त्याला लागणारे पाणी पावसाळ्यात साठवण्याची सोय त्याच आराखड्यात करावी, आणि ते शाळांच्या मुलामुलींसाठी वर्षभर खुले ठेवावे.