बासनातली पोथी आणि तिचा क्रमांक

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मोहिमेची घोषणा केली. शैक्षणिक संस्था, वस्तुसंग्रहालये, ग्रंथालये आणि खासगी संग्राहक यांच्याकडील एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन हे तिचे उद्दिष्ट आहे. जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत बासनात बांधलेली एखादी पोथी निघणे नवलाचे नाही. मात्र ती निघाल्यावर नोंदवायचे काय? याचे उत्तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील एका संग्रहात सापडते.

मुंबई सरकारने १८६६ मध्ये संस्कृत हस्तलिखिते जमविण्यास प्रारंभ केला. गेओर्ग ब्यूलर, फ्रान्झ कीलहॉर्न, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी विद्वानांनी हे काम केले. हा संग्रह प्रथम मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात, पुढे डेक्कन कॉलेजात आणि १९१८ मध्ये नव्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत आला. जागा बदलल्या, क्रमांक मात्र तेच राहिले.

त्यातील ऋग्वेदाच्या एका प्रसिद्ध प्रतीचा क्रमांक आहे ‘१८७५-७६ मधील ५’. वरवर रुक्ष वाटणारी ही नोंद बरेच काही सांगते. १८७५-७६ हे संग्रहाचे वर्ष, म्हणजेच ब्यूलर यांच्या काश्मीर दौऱ्याचा काळ. प्रत भूर्जपत्रावर, शारदा लिपीत आहे आणि तिच्यात खिलसूक्तेही आहेत. ती काश्मीरची आहे हे ठाऊक असल्यानेच तेथील पाठपरंपरेचा पुरावा म्हणून अभ्यासक तिच्याकडे पाहतात. प्राप्तिस्थान पुसले गेले असते, तर तिचे निम्मे मोल तेथेच हरपले असते. या संस्थेतील ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांचा समावेश युनेस्कोने २००७ मध्ये ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत केला.

डेक्कन कॉलेज सरकारने १९३४ मध्ये बंद केले. १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. त्या पाच वर्षांत हा संग्रह तेथेच असता तर त्याचे काय झाले असते, याची कल्पनाही नकोशी वाटते. अर्थात सुरक्षित वास्तूही कायम सुरक्षित राहतेच असे नाही. ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने भांडारकर संस्थेवर हल्ला करून ग्रंथसंग्रहाची नासधूस केली. अशा वेळी यादी हाताशी असेल तरच काय वाचले आणि काय गेले, हे कळते. पोथीची पाने शिवलेली नसतात. एकदा विखुरली की समासातील पत्रांक आणि ग्रंथनामाची संक्षिप्त खूण यांवरूनच ती जुळवावी लागतात.

म्हणूनच महाविद्यालयातील ग्रंथपालाने पोथीचे नाव, लिपी व पत्रसंख्या यांबरोबरच ती कोणाकडून, कोणत्या गावाहून आणि केव्हा आली हेही टिपून ठेवावे. देणगीदाराचे पत्र असल्यास ते जपावे. जुने बासन आणि लाकडी फळ्या भंगारात जाऊ देऊ नयेत. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावण्याचा मोह टाळावा आणि क्रमांक पेनाने पानावर न लिहिता वेगळ्या चिठ्ठीवर लिहावा.