दोन पिशव्या, दोन पासबुकं

सकाळी ६.३०, नंदुरबार बसस्थानक

आज बुधवार, २० ऑगस्ट २०२५. परवा पोळा आहे, त्यामुळे शहाद्याच्या बसला गर्दी. मी शाळेतून एक दिवसाची रजा घेतली आहे. कारण पन्नास रुपये.

काल रात्री आईचा फोन आला. तिचं विवरणपत्र भरून देणाऱ्यांनी कच्चा हिशेब पाठवला होता : या वर्षी पन्नास रुपये कर भरायचा. "पन्नासच रुपया शेतस, भरी टाक," आई म्हणाली. रक्कम इतकी लहान की कोणी दुसऱ्यांदा बघणार नाही. मला मात्र त्या हिशेबातल्या एका ओळीने झोप लागू दिली नाही. 'निवृत्तीवेतन : ६,७९,२००' अशी एकच रक्कम तिथे होती. आईची निवृत्तीवेतनं दोन आहेत. एक तिचं स्वतःचं, एक बाबांच्या पश्चात मिळणारं. ती दोन एका ओळीत कशी आली, हे बघायला मी निघालो.

सकाळी ७.४५, प्रकाशा ते शहादा

प्रकाशाच्या पुलावरून तापी भरून वाहताना दिसली. पुढे दोन्ही बाजूंना पपई, ऊस, कापूस. बाबांची पहिली नेमणूक अक्राणीत, डोंगरातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर. आई धडगावच्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिका. तेव्हा नंदुरबार जिल्हाच नव्हता. १ जुलै १९९८ ला तो धुळ्यातून वेगळा झाला, तोवर त्यांच्या नोकरीची निम्मी वर्षं झाली होती. दोघांची नोकरी वेगळी, आस्थापना वेगळी. आईचं वेतन राज्य शासनाचं, म्हणून तिचं निवृत्तीवेतन कोषागारातून येतं. बाबांचं जिल्हा परिषदेकडून. हे सगळं मला माहीत होतं, पण आयकराच्या कायद्यालाही त्याचं काही देणंघेणं असतं हे मी गेल्या दोन वर्षांत शिकलो.

सकाळी ९.००, शहादा, घर

चहा झाल्यावर आईने कपाटातून दोन कापडी पिशव्या काढल्या. निळ्या पिशवीत तिचे कागद : सेवापुस्तकाची झेरॉक्स, निवृत्तीवेतन आदेश, तिच्या खात्याचं पासबुक. तपकिरी पिशवीत बाबांचे : त्यांचा आदेश, मृत्यूचा दाखला, कुटुंब निवृत्तीवेतनाचं पासबुक, हयातीच्या दाखल्यांच्या पोचपावत्या. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. या पिशव्यांतला एकही कागद तिने इकडचा तिकडे होऊ दिलेला नाही. घरखर्च निळ्यातून. तपकिरी खात्यातून फक्त नातवंडांची फी आणि वर्षश्राद्धाचा खर्च. मी एकदा म्हटलं होतं, एकच खातं ठेव, सोपं जाईल. तेव्हा ती म्हणाली होती, "हाऊ पैसा तुना बापना शे."

आज कळतंय की कायदाही हेच म्हणतो. स्वतःच्या नोकरीबद्दल मिळतं ते निवृत्तीवेतन म्हणजे पगारच, उशिरा मिळणारा. त्याला पगारदारांसारखी प्रमाणित वजावट मिळते. जोडीदाराच्या मृत्यूनंतर मिळणारं कुटुंब निवृत्तीवेतन हा पगार नव्हे. आईने जिल्हा परिषदेत नोकरी केली नाही, मालक-नोकर असं नातं नाही. म्हणून ते 'इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न', व्याजाच्या पंगतीत बसणारं. त्याला कलम ५७ खाली वेगळी वजावट : मिळालेल्या रकमेचा एक तृतीयांश किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांतली जी कमी असेल ती. ही कमाल १५,००० होती. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीसाठी ती २५,००० झाली, आणि त्याच वेळी प्रमाणित वजावट ५०,००० वरून ७५,००० झाली. जुन्या प्रणालीत दोन्ही आकडे होते तेच राहिले.

म्हणजे दोन निवृत्तीवेतनं असलेल्या बाईला दोन्ही वजावटी मिळतात. एका ओळीत टाकली की एक वजावट हातातून जाते.

सकाळी ९.४५

वही घेऊन बसलो. निळ्या पासबुकातल्या एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ च्या बारा जमा मांडल्या. एप्रिलमध्ये जमा होतं ते मार्चचं निवृत्तीवेतन असतं. ते वगळायचा मोह होतो, पण सरकारी हिशेबात वर्ष असंच धरतात. बेरीज ३,७४,४००. तपकिरी पासबुकातल्या बारा जमा : ३,०४,८००. महागाई भत्त्याचा फरक आला होता, तोही धरला. मग व्याज. बँकेतल्या मुदत ठेवींचं ६४,०००, पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेचं तिमाहीला ९,२२५ प्रमाणे ३६,९००, बचत खात्यांचं १,१००. एकूण १,०२,०००.

आता एजंटाचा हिशेब. ६,७९,२०० मधून ७५,००० वजा, अधिक व्याज : ७,०६,२००. नव्या प्रणालीत त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७अ ची पूर्ण सूट होती. सात लाखांच्या थोडं वर गेलं, तर वर गेलेल्या रकमेपेक्षा जास्त कर घेत नाहीत. म्हणून ६,२०० कर, त्यावर चार टक्के उपकर, मिळून ६,४५०. बँकेने मुदत ठेवींच्या व्याजातून दहा टक्के, म्हणजे ६,४०० आधीच कापले होते. उरले पन्नास.

आणि खरा हिशेब. आईच्या निवृत्तीवेतनातून ७५,००० गेले, उरले २,९९,४००. बाबांच्या बाजूने एक तृतीयांश म्हणजे १,०१,६००, पण कमाल २५,०००, म्हणून उरले २,७९,८००. त्यात व्याज मिळवून ६,८१,२००. सात लाखांच्या आत. कर शून्य. कापलेले ६,४०० परत.

आकडे दोनदा तपासले. पन्नास रुपये भरून आई गप्प बसली असती, तर तिचे सहा हजार चारशे गेले असते, आणि कोणालाच कळलं नसतं.

सकाळी १०.४०, बँक

एकट्याच्या हिशेबावर विसंबायचं नव्हतं. कापलेल्या कराचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १६अ, आणि दोन्ही खात्यांचं वर्षाचं विवरण घेतलं. आईला सोबत आणलं होतं, कारण सही तिचीच लागते.

खिडकीजवळच्या बाकावर एक म्हातारी आजी बसल्या होत्या, हातात अशीच एक पिशवी. त्यांचा मुलगा सैन्यात होता, सीमेवर गेला. त्यांच्या निवृत्तीवेतनातून कर कापतील का, असं त्यांना कोणीतरी घाबरवलं होतं. सशस्त्र दलातला माणूस कर्तव्यावर, मोहिमेत मरण पावला, तर त्याच्या कुटुंबाला मिळणारं निवृत्तीवेतन पूर्ण करमुक्त आहे. पण आदेशावर मृत्यूचं कारण तसं नोंदलेलं असायला हवं. आदेश आत्ताच शाखाधिकाऱ्यांना दाखवून घ्या, असं सांगितलं. त्या उठून आत गेल्या. एका पिशवीतल्या एका ओळीवर किती अवलंबून असतं!

आणखी एक काम केलं. २०२४-२५ मध्ये ज्येष्ठांच्या ठेवींवर बँकेने व्याजातून कर कापायची मर्यादा ५०,००० होती. १ एप्रिल २०२५ पासून ती एक लाख झाली. तरीही १५एच हा फॉर्म भरून दिला. साठीच्या पुढच्या ज्याचा वर्षाचा कर शून्य येणार आहे, त्याने हा दिला की कापाकापीच होत नाही. आई ६९ वर्षांची. गेल्या वर्षी हा फॉर्म द्यायचं राहून गेलं, ते माझ्याकडून. म्हणूनच हे ६,४०० अडकले.

दुपारी १.००

जेवणं. बाजरीची भाकरी, शेवभाजी. आई पडली. मी अंगणात बसून एकदा जुन्या प्रणालीचाही हिशेब केला, कारण शेजारचे निवृत्त गुरुजी सकाळी सांगून गेले होते की ज्येष्ठांना व्याजावर ५०,००० ची सवलत जुन्यातच मिळते. खरं आहे, मिळते. पण आईच्या बाबतीत ती सवलत घेऊनही उत्पन्न ६,६६,२०० येतं, आणि त्यावर कर जवळपास ४५,०००. एका सवलतीकडे बघून प्रणाली निवडली की असा खड्डा पडतो.

दुपारी ३.१५, एजंटाचं कार्यालय

मनात राग होता, तो दाराबाहेर ठेवला. माणूस कामाचा आहे, तालुक्यातल्या शेकडो निवृत्तांचे फॉर्म भरतो. मी दोन्ही आदेश टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी बघितलं आणि लगेच ओळखलं. झालं असं होतं : संगणकावर आधीच भरून येणाऱ्या माहितीत कुटुंब निवृत्तीवेतन दिसत नाही. ते पगार नसल्यामुळे देणारा त्यातून पगारासारखा कर कापत नाही, आणि कर न कापलेली रक्कम तिकडे सहसा पोचत नाही. मग पासबुक बघून रक्कम हाताने मिळवली जाते, आणि निवृत्तीवेतन म्हटलं की हात पगाराच्या रकान्याकडेच जातो.

गेल्या वर्षीचं विवरणपत्रही उघडायला सांगितलं. तिथेही हीच चूक होती! पण तेव्हा रकमा कमी होत्या, एकत्र धरूनही बेरीज सात लाखांच्या आत राहिली आणि कर शून्यच आला. उत्तर बरोबर, रीत चुकीची. त्यामुळे ती चूक वर्षभर लपून बसली.

त्यांनी विचारलं, "अजून किती बायकांचे असे असतील?" मी काही बोललो नाही. त्यांनीच वही ओढून नावं लिहायला घेतली. दोन्ही बाजूंनी निवृत्तीवेतन घेणाऱ्या, बहुतेक शिक्षिका आणि परिचारिका. मुदत १५ सप्टेंबरपर्यंत आहे, अजून वेळ आहे. त्या वहीवर अकरा नावं झाली, तेव्हा माझा उरलासुरला राग गेला.

सायंकाळी ५.००

फॉर्म आपणच भरायचा असं मी ठरवलं. घरी लॅपटॉप उघडला. पगाराच्या भागात ३,७४,४००. इतर स्रोतांच्या यादीत 'कुटुंब निवृत्तीवेतन' हा पर्याय निवडून ३,०४,८००. वजावट खाली आपोआप आली : २५,०००. कापलेला कर ६,४००. देय कर : शून्य. परतावा : ६,४००.

पडताळणीसाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आईचा पॅन आधारशी जोडलेला आहे ना, ते आधी तपासलं. नसता तर पॅन निष्क्रिय धरतात, परतावा अडतो आणि व्याजातूनही दहाऐवजी वीस टक्के कापतात. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्या दिवशी बाबा शाळेतल्या पोरांना घेऊन ते बघायला गेले होते.

सायंकाळी ६.१०

शेवटचं पान. परतावा कोणत्या खात्यात हवा, ते विचारणारं. मी सवयीने निळं खातं निवडलं, तिचं रोजचं. आई मागे येऊन उभी राहिली होती.

"पैसा कोनता पासबुकमा येई?"

सांगितलं.

"त्या ठेवी कोना शेत?"

ठेवी बाबांच्या निवृत्तीच्या पैशांच्या. त्यांच्या पश्चात तिच्या नावावर झालेल्या. व्याज त्यांचं, त्यातून कापलेला करही त्यांचाच.

मी निवड बदलली. तपकिरी पासबुकाचा क्रमांक तिने मोठ्याने वाचला, मी तपासला. मग ओटीपी मागवला. तिने चष्मा पुसला, मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि सहा आकडे एकेक करून सांगितले.