बरे वाटले तरी तपासणी हवीच

विनोबा भावे यांना लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर होता. दह्या-दुधावर राहून त्यांनी भूदानाची पायपीट केली. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मात्र मोठ्या आतड्याचा वेगळा आजार. नुसत्या पथ्याने तो आवरत नाही. सौम्य आजाराला मेसालामाइन. स्टेरॉइड फक्त भडका शमेपर्यंत. अ‍ॅझाथायोप्रिनने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरू शकतात, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे रक्ततपासणी वरचेवर करावी लागते. इन्फ्लिक्सिमॅब सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी आपल्याकडे तरी टाळूच नये. शौचातून रक्त पडायचे थांबले तरी आत दाह उरलेला असू शकतो. शौचाच्या नमुन्यावरची कॅलप्रोटेक्टिन चाचणी तो दाखवते. आजाराला ८ वर्षे झाली की कर्करोगाच्या तपासणीसाठी कोलोनोस्कोपी करून घ्या. आणि गोळ्या परस्पर बंद करू नका.